छताच्या वरची हजेरी

"ही वही कधी साइटवर गेलेलीच नाही," मॅडम म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो. बांधकामाच्या ठेक्यात मवाळ माणसाचं काम नाही. सळईवाला उद्या म्हणतो, खडीवाला परवा म्हणतो, आणि घरमालकाला किल्ली कालच हवी असते. अशा लोकांत तीस वर्षं काढली की आवाज आपोआप चढतो. पण त्या दिवशी आवाज चढवून भागणार नव्हतं. समोर कर खात्याच्या तपासनीस बाई बसल्या होत्या आणि आमचा दाखला त्यांच्या एका सहीवर लटकला होता.

दाखला म्हणजे काय, तर तो असला की बिल्डर आमचं बिल पूर्ण देतो आणि कर आम्ही वर्षाच्या शेवटी हिशेबाने भरतो. दाखला गेला की प्रत्येक बिलातून शंभरातले तीस आधीच कापून घेतात. पुढे परत मिळतात म्हणे, पण कधी, तर वर्ष उलटल्यावर. माझ्या माणसांचा पगार दर शनिवारी असतो. तीस कापले गेले असते तर दुसऱ्याच महिन्यात मला निम्मी माणसं घरी बसवावी लागली असती. त्यातली काही माझ्याकडे वीस वीस वर्षं आहेत. त्यांच्या पोरांच्या शाळा कुठल्या, हे मला पाठ आहे.

खात्याचं पत्र आलं तेव्हाच माझं अवसान गळालं होतं. बायकोने पत्र माझ्या हातातून काढून घेतलं, दोनदा वाचलं आणि म्हणाली, "अहो, यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे? दोन वर्षांपूर्वीचं एकच काम तपासायचंय त्यांना. तो दातांचा दवाखाना. फाइल आहे माझ्याकडे."

फाइल होतीच. आमचं ऑफिस म्हणजे एक खोली, दोन टेबलं, खिडकीखाली फरश्यांचे नमुने आणि एक पत्र्याचं कपाट. ते कपाट बायकोचं. त्यात विटेचं बिल विटेच्या फाइलीत आणि खिळ्याचं बिल खिळ्याच्या फाइलीत असतं. मी एकदा टेम्पोचं बिल घाईत रंगाच्या फाइलीत खुपसलं होतं, तर ती आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होती.

मॅडम सकाळी दहाच्या ठोक्याला आल्या. चाळिशीच्या, उंचीने बेताच्या, केस घट्ट बांधलेले, पायात फितीचे बूट. चहा नको म्हणाल्या, पाणी घेतलं आणि खिडकीजवळची खुर्ची घेतली. मग फाइलीमागून फाइल. त्या विचारायच्या आणि बायको कागद काढून द्यायची. दोघींचा असा काही सूर जमला की मला तिथे फरशीच्या नमुन्याइतकीही किंमत उरली नाही. मध्येच मॅडम बोट थांबवून म्हणाल्या, "एवढ्या विटांच्या बांधकामाला सिमेंटच्या इतक्याच गोणी? बरोबर आहे. बरेच जण दीडपट दाखवतात."

मी चाटच पडलो. "मॅडम, तुम्ही बांधकामातल्या का?"

"नाही. पण वीस वर्षं ठेकेदारांच्याच वह्या बघतेय."

आणि मग त्यांनी हजेरीची वही उघडली. दोन पानं उलटली, पुन्हा मागे आल्या, पान उजेडाकडे धरलं आणि ते वाक्य बोलल्या.

"म्हणजे काय?" मी म्हणालो. आवाज चढलाच.

"सातही आठवडे एकाच पेनाने लिहिलेत. एका बैठकीत. साइटवरच्या वहीला सिमेंटचा हात लागतो, पाण्याने पान फुगतं, कुणीतरी मागच्या पानावर विटांचा हिशेब करतो. ही वही कोरी करकरीत आहे." त्यांनी वही बंद केली. "आणि यातला एकही आठवडा तुमच्या बँकेतून निघालेल्या पैशांशी जुळत नाही. कुठे जास्त, कुठे कमी. पैसे निघाले हे खरं. पण ते एकोणीस कामगारांच्या हातात गेले, की कामगार फक्त वहीत आहेत आणि पैसे तुमच्या खिशात, हे मी कशावरून ठरवू?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती वही मी तिला त्याच दिवशी सकाळी दिली होती. मुकादमाच्या घरी सापडली, असं सांगून.

आता खरं काय ते सांगतो. वही मॅडम म्हणाल्या तशीच होती. आदल्या रविवारी मी जिन्यावर बसून एका दमात आठवून आठवून लिहिली होती. खोटा माणूस एकही घातला नव्हता, पण दिवस सगळे अंदाजपंचे.

कारण खरी वही मीच घालवली होती. दवाखान्याचा स्लॅब भरत होतो तो दिवस. वर ओलं काँक्रीट पडत होतं, वर बारा माणसं, आणि खाली मधल्या टेकूखालची माती बसायला लागली. टेकू सैल पडला. पाचर शोधली, एक शिल्लक नव्हती. समोर खिडकीच्या कट्ट्यावर हजेरीची वही पडली होती, जाड पुठ्ठ्याची, चांगली चार बोटं. मी ती फळीखाली सारली आणि हातोड्याने टेकू ठोकून ठोकून ताठ केला. स्लॅब वाचला. मी स्वतःवर इतका खूष होतो की विचारू नका. पंधरा दिवसांनी टेकू काढले तेव्हा वहीची सिमेंटची वीट झाली होती.

आधीच्या आठवड्यांची हजेरी बायकोने ऑफिसात उतरवून घेतलेली होती, म्हणून ती वाचली. पुढच्या सात आठवड्यांची नव्हती. मुकादमाने स्लॅबच्या दुसऱ्याच दिवशी विचारलं होतं, "मालक, वही?" मी म्हणालो, "उद्या आणतो." सात आठवडे मी रोज उद्या आणत होतो. शनिवारी तो मला आकड्याची एक चिठ्ठी द्यायचा, तेवढे पैसे मी काढायचो. चिठ्ठी फेकून द्यायचो. तो सगळं डोक्यात ठेवतो, असंच मी धरून चाललो होतो.

हा मुकादम त्या वेळी खोलीत दाराजवळच्या स्टुलावर बसला होता. मॅडमनी त्याला बोलवायला सांगितलं होतं. त्याला सगळे ओळंबा म्हणतात, भिंत सरळ आहे का बघायला दोरीला लोंबतं सोडतात ते वजन, कारण उंच, सडसडीत, आणि उभा राहिला की मान खाली लोंबलेली. मी तोंडावर काका म्हणतो. मी सतरा वर्षांचा असताना त्यांच्या हाताखाली घमेली वाहिली आहेत. वीट कशी धरायची, हे त्यांनी माझा हात हातात धरून शिकवलंय. पुढे मी ठेकेदार झालो आणि ते माझे मुकादम झाले, पण त्यांच्यासमोर खुर्चीत बसताना मला अजून चोरट्यासारखं होतं.

तर या काकांच्या देखत मी काय बोललो, ऐका.

"मॅडम, मूळ वही हरवली. मुकादमाने हरवली. म्हणून मला नंतर लिहावी लागली."

कसं तोंडातून गेलं कोण जाणे. मॅडमनी ते कागदावर टिपून घेतलं. पेनाचा आवाज मला ऐकू येत होता. ओळंबाकाकांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मान पुन्हा खाली घातली. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मग माझ्यासमोर काहीच उरत नाही," मॅडम म्हणाल्या. "त्या वेळी लिहिलेलं काहीही दाखवा. नंतरचं नको. एखादी चिठ्ठी, पाकिटाचा कागद, काहीही. उद्या संध्याकाळपर्यंत मला अहवाल द्यायचाय. काही मिळालं नाही तर दाखला रद्द करावाच लागेल."

 मग स्टुलावरून आवाज आला.

"मॅडम, कागदच पाहिजे का?"

"म्हणजे?"

"त्या वेळी लिहिलेलं आहे. कागदावर नाही."

"कशावरही असू दे. बघायला मिळालं म्हणजे झालं."

ओळंबाकाका उठले, गुडघे चोळले आणि म्हणाले, "मग शिडी लागेल."

त्या संध्याकाळी घरी बायकोने एकच प्रश्न विचारला. ताट वाढता वाढता, माझ्याकडे न बघता. "वही कुणी हरवली?" मी म्हणालो, "भूक नाही मला." ती म्हणाली, "कळलं." आणि खरंच तिला कळलं होतं. तिने पुढे काही विचारलं नाही, उलट बँकेची सगळी पानं काढून क्रमाने लावत बसली. मला बायकोचं नेहमी कौतुक वाटत आलंय, पण त्या संध्याकाळी तिची भीतीच वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही चौघं तिथे पोचलो. दाताचे डॉक्टर भले गृहस्थ, आमच्या कामावर खूष. त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं. बाहेरच्या खोलीत एक सुजलेल्या गालाचा पेशंट तेवढा बसून राहिला होता. त्याला औषधाचा अंमल चढेपर्यंत थांबायचं होतं. गुळगुळीत भिंती, फिक्या हिरव्या रंगाच्या, वर पांढऱ्या चौकोनी तक्त्यांचं लटकतं छत. रंगाला कुठे ओरखडासुद्धा नव्हता. मी इकडेतिकडे पाहिलं. इथे कसली आलीय हजेरी? सगळा गिलावा माझ्याच माणसांनी केलेला.

ओळंबाकाकांनी कोपऱ्यापासून तिसऱ्या तक्त्याखाली शिडी लावली, दोनदा हलवून बघितली, वर चढून तो तक्ता उचलून बाजूला सरकवला आणि खाली उतरले.

"खाली लिहिलं असतं तर गिलाव्याखाली गेलं असतं," ते म्हणाले. "लटकत्या छताच्या वर भिंतीला गिलावा करत नाहीत. दिसत नाही ना कुणाला."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ते सात आठवडे काका रोज संध्याकाळी शिडी लावून चढायचे. मला वाटायचं, स्लॅबने ओल धरलीय का ते बघतायत. मनात म्हणायचो, म्हातारा काळजी फार करतो.

"मी बघतो वर," मी म्हणालो.

"तुम्ही नाही, मी," मॅडम म्हणाल्या. बुटांच्या फिती पुन्हा घट्ट बांधल्या, मोबाइलची बत्ती लावली आणि शिडी चढल्या. छताच्या त्या चौकोनात त्यांचं डोकं गेलं, मग खांदे गेले. खाली नुसते बूट. सुजलेल्या गालाचा पेशंट तोंड उघडं टाकून बघत होता.

 मग मॅडमचा आवाज आला, जरा घुमल्यासारखा.

"विटांवर सुताराच्या पेन्सिलीने लिहिलंय. सात रकाने आहेत. एक मिनिट. तिसऱ्या रकान्यावरून एसीचा पाइप गेलाय. क्लँप रेघांच्या अंगावर बसवलाय. डॉक्टर, एसी कधी बसवला?"

"दवाखाना उघडायच्या आधीच," डॉक्टर म्हणाले. "बिल आहे, तारखेचं."

"म्हणजे पाइपाच्या आधी लिहिलंय. ठीक." बूट एक पायरी वर सरकले. "सगळ्यात वर एक ओळ आहे. वाचते. 'वही टेकूखाली गेली. आजपासून हजेरी इथे.' खाली तारीख आहे. टेकूखाली गेली म्हणजे काय?"



मॅडमनी मान खाली काढली. केसांवर धूळ बसली होती. "काल मला सांगण्यात आलं की मुकादमाने वही हरवली. मुकादम, ती वही टेकूखाली कुणी घातली?"

ओळंबाकाका शिडीचा पाय धरून उभे होते. त्यांनी शिडीकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं. त्या सरळ माणसाला खोटं बोलता येत नाही आणि माझं नाव घ्यायचं नाही, अशी बिचाऱ्याची कोंडी झाली होती. 

मला माझीच इतकी लाज वाटली की जीभ आपोआप सुटली. "मी घातली, मॅडम. यांनी नाही. यांनी मला दुसऱ्या दिवशी नवी मागितली, मी दिली नाही. काल खोटं बोललो. आणि नंतरची वही मी जिन्यावर बसून लिहिली, तीही अंदाजाने. आता काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

"लिहीन," मॅडम म्हणाल्या. एवढंच. आणि पुन्हा वर गेल्या.

मग सुरू झाला तो हिशेब. वरून मॅडम वाचायच्या आणि खाली बायको कॅल्क्युलेटर घेऊन पेशंटच्या शेजारी बसलेली. भिंतीवर नावं नव्हती, साइटवर हाक मारतात ती टोपणनावं होती. "पहिला आठवडा. डावरा, सहा. लंब्या, साडेपाच. घाई, सहा." मॅडम थांबल्या. "घाई कोण?"

"चुना लावणारा, मॅडम. कायम घाईत," काका खालून म्हणाले आणि त्याचं खरं नाव सांगितलं. ते कामगार नोंदीत होतं.

"मुक्या, चार. भोंगा, सहा." पेशंटला हसू आवरेना, पण गाल दुखत असल्यामुळे धड हसताही येईना. एकोणीस जण झाले. काकांनी दर सांगितले, बायकोने बेरीज केली, बँकेचं पान उलटलं आणि बोट ठेवलं. 

"जुळलं," ती म्हणाली.

दुसरा आठवडा जुळला. तिसरा जुळला, पाइपाखालच्या रेघा मॅडमनी मान वाकडी करून मोजल्या. चौथ्या आठवड्याला मॅडम म्हणाल्या, "इथे अठराच ओळींत रेघा आहेत. एकोणिसावी कोरी. सहाही दिवस."

"कोण तो?" बायकोने विचारलं.

"नाव लिहिलंय, 'मी'."

सगळ्यांनी ओळंबाकाकांकडे पाहिलं. ते शिडीचा पाय आणखी घट्ट धरून उभे राहिले.

"शक्यच नाही!" मी ओरडलो. "हा माणूस एक दिवस घरी राहिला नाही. साइटची किल्लीच यांच्याकडे होती. काका, हे काय आहे?"

"पाचवाही कोरा आहे," मॅडम वरून म्हणाल्या. "बेरीज करा बघू अठरा जणांची."

बायकोने केली. चौथा जुळला. पाचवा जुळला. सहाव्यापासून 'मी' पुन्हा हजर, आणि तोही जुळला. सातवाही. एका पैशाचाही फरक नाही. बायकोने कॅल्क्युलेटर मांडीवर ठेवला आणि पदराने चष्मा पुसायला लागली. चष्मा स्वच्छच होता.

मॅडम खाली उतरल्या, हात झटकले आणि काकांसमोर उभ्या राहिल्या. "त्या बारा दिवसांत तुम्ही कामावर होता का?"

"होतो."

"मग हजेरी का नाही लावली?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, जणू माझी परवानगी मागत होते. मग म्हणाले, "त्या पंधरवड्यात मालकांचं एक मोठं बिल अडकलं होतं, मॅडम. दुसऱ्या साइटचं. पैशांची ओढ होती. रोज फोनवर भांडत होते, मला ऐकू यायचं. अठरा जणांचं भागेल एवढंच हाताशी होतं. एकोणिसाव्याचं नव्हतं. तो एकोणिसावा दुसरा कुणी होण्यापेक्षा मी बरा."

"पण नंतर मागायचे ना! नंतर आले होते पैसे!" मी म्हणालो. 

"हजेरी लावली असती तर देणं झालं असतं, मालक. नाही लावली, म्हणून देणंच नाही. मग मागायचं कशाचं?"

मला तो पंधरवडा लख्ख आठवला. शनिवारी सगळ्यांच्या पगाराचं पाकीट काकांकडे दिलं आणि वाटून झाल्यावर मी विचारलं होतं, "पुरलं का हो?" आणि ते म्हणाले होते, "पुरलं." त्या संध्याकाळी घरी येऊन मी बायकोला फुशारकीने सांगितलं होतं, बघ, कसं भागवलं मी. मी भागवलं! मी समोरच्या खुर्चीत जाऊन बसलो आणि सुजलेल्या गालाच्या माणसाने मला न मागता आपल्या पाण्याचा पेला दिला.

मॅडमनी पुन्हा एकदा त्या उघड्या चौकोनाकडे पाहिलं. मग बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज कचेरीचाच होता, पण जरा सावकाश. "खोटी भिंत लिहिणारा माणूस ती वहीशी जुळेल अशी लिहितो. ही तुमच्या वहीशी कुठेच जुळत नाही, बँकेशी जुळते. आणि तुमच्या मुकादमांच्या हाती बँकेचं पान येणार कुठून? शिवाय स्वतःच्या ओळीत रेघ न मारता कुणी खोटी हजेरी लिहीत नाही." त्यांनी भिंतीचे फोटो काढले, एसीच्या बिलाची नक्कल घेतली. "कामगार खरे आहेत. दाखला राहील. मात्र मागाहून बनवलेल्या वहीबद्दल तुम्हाला ताकीद मिळेल आणि दंडही होईल. नंतर लिहिलेली वही असेल तर वर लिहायचं, नंतर लिहिली. ते लिहिलं असतंत तर मी कालच वेगळं विचारलं असतं."

"होय, मॅडम," मी म्हणालो. आयुष्यात इतक्या पडेल आवाजात मी कुणाला होय म्हटलं नसेल.

"आणि काम केलेल्या माणसाचा पगार राहिलाय. तो कर खात्याचा विषय नाही," त्या म्हणाल्या. "पण राहिलाय."

मग आदल्या दिवशीचा कागद काढून 'मुकादमाने हरवली' या ओळीवर त्यांनी आडवी रेघ मारली आणि तिथे माझ्या हाताने खरं लिहून सही करायला लावली. जाताना दारात वळून काकांना म्हणाल्या, "वीस वर्षांत खूप वह्या पाहिल्या. वर मान करून वाचावी लागली अशी ही पहिलीच."  ते म्हणाले, "शिडी हलली नाही ना?"

शनिवारी पगार वाटून झाल्यावर मी त्यांना ऑफिसात बोलावलं. बायको होती, तिच्यादेखतच करायचं होतं मला. त्यांना खुर्चीत बसवलं आणि मी स्टुलावर बसलो. बारा दिवसांच्या पगाराचं पाकीट समोर ठेवलं. आजच्या दराने.

त्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं. मग वरचे पैसे वेगळे काढून माझ्याकडे सरकवले. "तेव्हाचा दर तेव्हाचा."

"काका, घ्या हो! दोन वर्षं वापरलेत मी तुमचे पैसे."

"पावतीवर लिहा, नंतर दिले," ते म्हणाले. "मॅडमनी सांगितलंय तसं."

बायकोने लिहिलं, त्यांनी सही केली. मी आदल्या दिवसापासून बोलायचं घोकून ठेवलं होतं, ते सगळं विसरलो. डोळे भरून आले, ते पुसायचंही भान राहिलं नाही. म्हणालो, "काका, चला, दवाखान्यात जाऊन त्या बारा रेघा मारून येऊ. मी शिडी धरतो."

"छे!" ते एकदम दचकले. "भलतंच. फोटो गेलाय त्याचा. सरकारी कागद आहे तो आता. हात लावायचा नाही."

बायको हसली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मग मी टेबलाच्या खणातून नवी हजेरीची वही काढली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या पुढे केली. दोन वर्षं आणि सात आठवडे उशिराने. त्यांनी ती घेतली, उलटसुलट करून बघितली, बोटात धरून तिची जाडी मापली आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"टेकूखाली बसेल का, ते बघून आणलीय?"

"नाही हो, काका," मी म्हणालो. "मुद्दाम पातळ आणलीय."